पहिलं इंजेक्शन, कुणाच्या देखत?

डिग्री हातात यायची असते, पण घरच्यांसाठी आणि गावासाठी तुम्ही आधीच ‘डॉक्टर’ झालेले असता. व्हेटर्नरीच्या विद्यार्थ्याने जनावरावर उपचार करावेत का? आणि करायचे तर कुठवर?

व्हेटर्नरीला ॲडमिशन मिळाली की पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत तुमची प्रॅक्टिस सुरू होते. म्हणजे तुम्ही करत नाही, लोकच सुरू करून देतात. तुमची ॲनाटॉमीची हाडंसुद्धा नीट पाठ झालेली नसतात आणि पहाटे शेजारचे काका दारात उभे. “गाय उठंना रे. तू बघ की जरा.” शहरात राहत असाल तर काकांच्या जागी व्हॉट्सॲप असतं. मांजराचा फोटो, खाली मेसेज : “काल रात्रीपासून जेवला नाहीये. कुठली गोळी देऊ?” तुम्ही म्हणता, मी अजून शिकतोय. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, “एवढं तरी शिकवलं असेल की!”

तुम्ही व्हेटर्नरीला नसाल, आर्ट्स-कॉमर्सला किंवा इंजिनीअरिंगला असाल, तरी हा विषय तुमचाही आहे. कारण तो फोटो पाठवणारे बहुतेक वेळा तुम्हीच असता. कॉलेजच्या गेटवर जखमी पिल्लू सापडलं की व्हेटर्नरीतल्या मित्राला पहिला फोन तुमचाच जातो.

त्या मित्राने काय करावं, याची दोन सोपी उत्तरं आहेत. एक, ‘डिग्री नाही, तर हात लावायचा नाही.’ दुसरं, ‘जनावर मरतंय, आणि तुम्हाला नियम सुचतायत?’ दोन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात आणि दोन्ही अपुरी आहेत. का, ते बघू.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे यासाठी भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ हा कायदा आहे. त्याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणालाही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सहीसुद्धा त्यालाच करता येते. या कलमात एक खिडकी ठेवलेली आहे. पशुधन पर्यवेक्षकासारखी पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार काही किरकोळ सेवा देण्याची परवानगी देऊ शकतं. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी वगैरे. पण तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सांगण्यावरून.

आता विद्यार्थी यात कुठे बसतो? बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा साडेपाच वर्षांचा कोर्स आहे. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप. वरच्या वर्षांत कॉलेजच्या दवाखान्यात ड्युटी लागते आणि इंटर्नशिपमध्ये तर दिवसरात्र तेच काम. म्हणजे लायसन्स मिळण्याआधी जनावराला हात लावणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पण ते काम होतं शिक्षकांच्या किंवा डॉक्टरांच्या नजरेखाली. केसची जबाबदारी त्यांची, सही त्यांची. हीच सुई तुम्ही सुट्टीत गावी जाऊन एकट्याने टोचलीत, की चित्र बदलतं. सुई तीच, औषध तेच, हातही तोच. फक्त जबाबदार माणूस गायब.

आणि ही पद्धत आजची नाही. परळचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज १८८६ मध्ये सुरू झालं ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारातच. आजारी जनावरं एका बाजूला आणि शिकणारी मुलं दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी तिथे पहिल्या दिवसापासून नव्हती. दवाखाना हाच वर्ग होता.

हात लावू दिलाच नाही तर?

‘डिग्री नाही, तर हात नाही’ हे उत्तर अपुरं का, ते आधी बघू. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने साडेपाच वर्षं फक्त बघितलं. एका गायीभोवती पंधरा जण उभे, पुढच्या दोघांना दिसतंय आणि मागचे मोबाईलवर नोट्सचे फोटो फॉरवर्ड करतायत. लॉगबुकमध्ये मात्र पंधराही जणांची केस ‘झाली’. पुढे तो पास होतो, नोंदणी होते, लायसन्स मिळतं. पहिली पोस्टिंग तालुक्याच्या आडगावात. एका रात्री अडलेली म्हैस समोर येते. गर्भाशयाला पीळ पडलाय. म्हशींमध्ये ही गोष्ट चांगलीच आढळते. पीळ कुठल्या बाजूला आहे हे हाताने चाचपून ओळखायचं, मग म्हशीला त्याच बाजूला पाडून लोळवायचं. चुकीच्या बाजूला लोळवली तर पीळ सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होतो. गोठ्यात टॉर्चचा उजेड, दहा माणसं बघतायत, सरांचा फोन लागत नाही. आणि हा हात आयुष्यात पहिल्यांदा आत जातोय.

कायद्याने हा उपचार शंभर टक्के बरोबर आहे. लायसन्स आहे ना! पण त्या म्हशीला विचारलं असतं तर तिने लायसन्स मागितलं असतं की सराव?

पहिली वेळ प्रत्येक डॉक्टरची येतेच. पहिलं इंजेक्शन, पहिला टाका, पहिलं सिझेरियन. ती टाळता येत नाही. ठरवता येतं ते एवढंच की त्या वेळी शेजारी कोण उभं असेल. जे विद्यार्थी असताना हात लावत नाहीत, त्यांची पहिली वेळ पुढे सरकते, आणि सरकून नेमकी अशा ठिकाणी येते जिथे सावरायला कुणीच नसतं.

मग एकट्याने केलं तर काय बिघडतं?

आता दुसरं उत्तर. ‘जनावर मरतंय, काहीतरी तर कर.’ हे ‘काहीतरी’ किती महाग पडू शकतं याची तीन साधी उदाहरणं बघा.

पहिलं, विल्यानंतर एक-दोन दिवसांत बसलेली गाय. मान पोटाकडे वळवलेली, कान थंड. थर्ड इयरचा कुणीही सांगेल, मिल्क फिवर. औषधही माहीत असतं, कॅल्शियमची बाटली शिरेतून. पुस्तकात ही केस एका पानाची आहे आणि गाय तासाभरात उठून उभी राहते. म्हणूनच ती करून बघायचा मोह होतो. पण हेच कॅल्शियम भरभर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि गाय जागच्या जागी जाते. अनुभवी डॉक्टर एका हाताने बाटली धरतात आणि दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप हृदयावर ठेवतात. ठोका चुकतोय असं वाटलं की तिथेच थांबतात. शिवाय बसलेली प्रत्येक गाय मिल्क फिवरची नसते. कासेच्या किंवा गर्भाशयाच्या जंतुसंसर्गाचं विष अंगभर भिनलेली गायही अशीच बसते आणि तिला कॅल्शियम जास्त धोक्याचं असतं. हा फरक ओळखायला नुसती नोट्स पुरत नाहीत.

दुसरं, तेच व्हॉट्सॲपवरचं मांजर. घरात पॅरासिटामॉल असतंच. माणसाला चालतं, लहान बाळालाही देतात, मग मांजराला अर्धी गोळी का नको? कारण ही गोळी पचवून बाहेर टाकायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, आणि एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फार्माकोलॉजीचा हा पेपर व्हायच्या आधी ज्याला फोन आला, त्या विद्यार्थ्याला हे माहीत असेलच असं नाही.

तिसरं उदाहरण एका जनावरापुरतं थांबत नाही. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास टोचलं जायचं. गुरं बरी व्हायची, कुणाला काही वावगं दिसायचं नाही. पण असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आपल्याकडच्या गिधाडांच्या काही जाती यामुळे नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या तीन मिलीच्या एका डोसपुरत्या करण्यात आल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली. एका इंजेक्शनचा हिशोब कुठवर जातो, बघा.

ॲन्टिबायोटिक दिलेल्या गायीचं दूध ठरावीक दिवस डेअरीला घालायचं नसतं. हे सांगणारा कुणी नसेल तर ते दूध तुमच्या-माझ्या चहातच येतं.

आणि पैशाचं काय? दुभत्या गायीवर घराचा हप्ता चालतो, कुणाची तरी कॉलेजची फी चालते. गाय विम्याची असेल तर दाव्यासाठी नोंदणीकृत पशुवैद्यकाचा दाखला लागतो. ‘शेजारच्या पोराने सलाईन लावलं होतं’ हे वाक्य त्या कागदात कुठेच बसत नाही. काका तुम्हाला काही बोलणार नाहीत. पण गोठ्यातली ती रिकामी दावण ते रोज बघतील आणि सुट्टीत घरी आलात की तुम्हीही.

देखरेख म्हणजे नक्की किती?

मग मधला रस्ता कुठला? इंग्लंडमध्ये यावर एक नेमकी उतरंड करून ठेवली आहे. तिथला कायदा १९६६ चा, आणि विद्यार्थ्यांना काय करता येईल याचे नियम १९८१ चे. क्लिनिकल वर्षांतला विद्यार्थी जनावर तपासू शकतो. तपासण्या करायच्या तर डॉक्टरने तसं सांगितलेलं हवं. औषधोपचार द्यायचा तर डॉक्टर त्याच जागी, हाकेच्या अंतरावर हवा. आणि शस्त्रक्रिया करायची तर डॉक्टर शेजारीच उभा हवा, सगळं लक्ष तिथेच, मध्ये दुसरी केस नाही की फोन नाही.

यातली गंमत लक्षात आली? ‘करू द्यायचं की नाही’ असा प्रश्नच त्यांनी ठेवलेला नाही. जितका धोका जास्त, तितका डॉक्टर जवळ, एवढाच हिशोब. आपल्याकडे ‘देखरेखीखाली’ हा शब्द फार सैल वापरला जातो. सर केबिनमध्ये आणि इंटर्न ऑपरेशन टेबलवर, तरी देखरेख. सर फोनवर, तरी देखरेख. कधीकधी सर गावाला गेलेले, तरी देखरेखच! अंतर किती हे लिहून ठेवलं असेल तर विद्यार्थ्यालाही म्हणता येतं, “सर, हे मी तुमच्यासमोरच करेन.” असं म्हणण्यात कमीपणा नाही. उलट सर्जरीत पुढे जाणाऱ्यांची ही खूण आहे.

आणि जिवंत जनावराआधीची पायरीही आहेच. टाके घालायचा सराव फोमवर आणि केळ्याच्या सालीवर होतो. इंग्लंडमध्ये ‘हॅप्टिक काऊ’ नावाचं यंत्र आहे. त्यात हात घातला की गायीच्या आत चाचपल्यासारखं जाणवतं आणि शिक्षकाला स्क्रीनवर दिसतं, हात नेमका कुठे आहे ते. असं यंत्र आपल्याकडे प्रत्येक कॉलेजात येईल तेव्हा येईल. पण केळी तर आहेत ना?

सराव कुणाच्या अंगावर?

एक अवघड गोष्ट आपण फारशी बोलत नाही. विद्यार्थी शिकतात ते बहुतेक कुणाच्या जनावरांवर? रस्त्यावरच्या कुत्र्यावर, कारण त्याचा मालक भांडायला येत नाही. गरीब शेतकऱ्याच्या शेळीवर, कारण तो कॉलेजच्या दवाखान्यात आलाय आणि ‘शिकणारी मुलं आहेत’ म्हटल्यावर मान हलवतो. लाखभराचा लॅब्रेडोर आला की मात्र सर स्वतः ग्लोव्हज घालतात.

रस्त्यावरच्या कुत्रीची नसबंदी विद्यार्थ्याने करायलाच हवी, नाहीतर तो शिकणार कसा? पण भूल तेवढीच नीट, टाके तेवढेच स्वच्छ, नंतरचं दुखणं कमी करायचं औषध तेवढंच हवं, जेवढं त्या लॅब्रेडोरला मिळालं असतं. शेळीच्या मालकालाही सरळ सांगायला हवं, “हे विद्यार्थी आहेत, करतील ते, मी इथेच उभा आहे. चालेल का?” तो बहुधा हो म्हणेल. पण विचारल्यावर हो म्हणणं वेगळं आणि न विचारता गृहीत धरणं वेगळं.

फोन आलाच तर

आता पुन्हा त्या काकांच्या गायीकडे. कारण हे सगळं वाचूनही फोन यायचा थांबणार नाही. उपचार करायचा नाही म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असं मुळीच नाही. लायसन्स नसताना करता येण्यासारखं भरपूर आहे, आणि कित्येकदा जनावर त्यानेच वाचतं.

• पहिलं काम, डॉक्टर गाठणं. राज्यात जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर सुट्टीला घरी जायच्या आधीच सेव्ह करा. फोनवर ‘गाय बरी नाही’ एवढंच सांगू नका. वेत कितवं, विली कधी, ताप किती, रवंथ करतेय का, शेण-लघवी झाली का, हे सांगा. हे नेमकं सांगायचं तुम्हाला शिकवलेलं आहे, आणि काकांपेक्षा तुम्ही नक्की चांगलं सांगाल.

• बसलेली गाय एका कुशीवर आडवी पडू देऊ नका. पाठीला पोती लावून तिला छातीवर बसतं ठेवा, खाली मऊ पेंढा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून पाणी, तेल, काढा, काहीही पाजू नका. ते फुप्फुसात जातं.

• पोट फुगलं असेल तर पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा. तोंडात आडवी काठी बांधली की जनावर चघळत राहतं, लाळ सुटते, वायू बाहेर पडायला मदत होते. सुरी घेऊन पोटाला भोक पाडायचा सल्ला देणारे दहा जण असतील. त्यांना थांबवणं हेसुद्धा उपचारच आहेत.

• अडलेल्या गायीचं वासरू चार गडी लावून ओढू देऊ नका.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं. लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, ‘घशात काहीतरी अडकलंय, हात घालून बघ’ असं कुणी म्हणालं तर हात मागे घ्या. रेबीज झालेली गाय नेमकी अशीच दिसते. लाळ हाताला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. व्हेटर्नरीच्या विद्यार्थ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असायला हवी. घेतली नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ती घ्या.

मग डॉक्टर आले की घरी जाऊन झोपू नका. त्यांची बॅग धरा, बाटली धरा, विचारा, “सर, शीर मी धरू का?” बरेच डॉक्टर आनंदाने हो म्हणतात. आडगावातल्या डॉक्टरला जाणती जोडीदार माणसं कुठे मिळतात? तुमचं पहिलं इंजेक्शन असं झालं तर काकांची गाय सुरक्षित, कायदा शाबूत, आणि तुम्हाला एक शिक्षकही मिळाला.

‘नाही’ म्हणायलाही शिका

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा महाराष्ट्रभर गुरांना गोट पॉक्सची लस टोचायचा मोठा कार्यक्रम झाला. अशा वेळी हात कमी पडतात आणि शिकणाऱ्यांच्या हातांची किंमत सगळ्यांना कळते. ते हात तयार असावेत हे समाजाच्याच फायद्याचं आहे. पण तयार हात म्हणजे घाई करणारे हात नव्हेत.

व्हेटर्नरीत नसलेल्या वाचकांना एकच विनंती. तुमच्या मित्राने “गोळी सांगणार नाही, डॉक्टरकडे घेऊन जा, हवं तर मी सोबत येतो,” असं म्हटलं, तर त्याला भाव खातोय असं समजू नका. त्याला औषधाचं नाव बहुतेक माहीत असतं. आपल्याला काय माहीत नाही, हेही त्याला कळायला लागलंय. उद्या तुमच्या घरी कुत्रा असेल, गोठ्यात गाय असेल, तेव्हा असाच डॉक्टर तुम्हाला हवा असेल.

आणि व्हेटर्नरीच्या मित्रांनो, या सेमिस्टरला एक काम करा. लॉगबुक उघडा आणि सही झालेल्या केसेसपैकी ज्यांत खरोखर तुमचा हात लागला, त्यांच्यापुढे पेन्सिलीने टिक करा. टिका फारच कमी आल्या तर ते पान घेऊन सरांकडे जा आणि म्हणा, “सर, पुढची केस मला द्या. तुम्ही शेजारी थांबा.” ही मागणी करायला लायसन्स लागत नाही.